दिवेलागणीच्या आत

मी बॅटरीवर चालणारी स्कूटर बोलतेय. चालणारी म्हणजे एके काळी चालणारी. आता कोल्हापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका घराच्या बोळात, पाण्याच्या पिंपाशेजारी उभी असते. अंगावर जुनी चादर आहे आणि चादरीवर शेजारचं मांजर. सावकाश बोलेन, चालवून घ्या. घाई मला तरुणपणीही जमली नाही.

माझ्याकडे बघून प्रत्येकाने आयुष्यभर एकच प्रश्न विचारला, "किती जाते हो ही?" नाव नाही, गाव नाही, तब्येत कशी आहे ते नाही. किती जाते! लग्नाच्या मुलीला तरी आधी चहा करायला सांगतात.

माझे सुटे भाग परदेशातून पेटीत बसून आले. पुण्याकडच्या एका शेडमध्ये कामगारांनी मला जोडलं. पोटात चार बॅटऱ्या, मागच्या चाकात मोटर, आणि पुढे एक हॉर्न, ज्याला कोंबडीही घाबरत नसे. अंगावर चिकटवलं होतं, 'एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर'. मला ते खरं वाटलं. आपल्या घरच्यांनी आपल्याबद्दल सांगितलेलं कुणाला खोटं वाटतं? पुढे कळलं की ते साठ किलोमीटर सपाट रस्त्यावर, पाठीमागून वारा असताना, आणि बसणारा माणूस उपाशी असेल तर.

सन दोन हजार सहाच्या पाडव्याला मृत्युंजयने मला घरी आणलं. तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत पाळीवर होता. बायको वर्षाराणी माध्यमिक शाळेत शिक्षणसेविका म्हणून नुकतीच लागलेली. शाळा हातकणंगल्याच्या पुढे, जयसिंगपूरच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या एका गावात. एसटी फाट्यावर सोडायची आणि पुढे चालत. वडापची जीप माणसं भरल्याशिवाय हलायची नाही, आणि सकाळी त्या गावाला जाणारी माणसं भरायची नाहीत. म्हणून मी. मला लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको. दुकानदाराने हे एवढ्या वेळा म्हटलं की मला वाटलं, नको नको म्हणून घेतलेली मी पहिलीच गाडी.

उंबऱ्यावर उभे होते रुद्राप्पा, वर्षाराणीचे सासरे. घरात त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांचा गूळ आणि भुसार मालाचा धंदा होता, स्वतःची मॅटाडोर होती. निपाणी, संकेश्वर, जयसिंगपूर, सगळा मुलूख त्यांनी त्या मॅटाडोरवर पालथा घातलेला. गुडघे गेले तशी गाडी विकली आणि ते घरी बसले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"आप्पा, पंचविसाच्या वर पळतच न्हाय ही," मृत्युंजय म्हणाला. "सायकल हाय समजा."

"आन् हायवेला सायकल घालायची व्हय? उसाच्या ट्रॉल्या बघितल्यास का? म्या बघितलाय त्यो हायवे. माणूस सकाळी जातंय, सांजचं कापडात येतंय."

वर्षाराणी पदर खोचून उभी होती. ती संकेश्वरकडची, बोलणं सरळ. "आप्पा, नोकरी सोडायची न्हाय मी. काय अट घालायची ती घाला."

आप्पांनी अट घातली. संध्याकाळी दिवा लागला की ते इष्टलिंगाच्या पूजेला बसत, आणि त्या वेळी घरातलं माणूस घरात पाहिजे, असा त्यांचा बापजाद्यापासूनचा नेम. "नोकरी कर. माझी ना न्हाय. पन दिवा लागायच्या आत घरात. ज्या दिवशी दिवा लागल्यावर आलीस, त्या दिवसापास्नं नोकरी बंद. कबूल?"

"कबूल."

दोघंही शब्दाला पक्की. अशी दोन माणसं एका घरात असली की मधल्या गाडीचं मरण. वर्षाराणीची तीन वर्षांची सेवा पुरी झाली की ती कायम होणार होती. ती तीन वर्षं मी ओढायची, असं पाडव्याच्या साखरेच्या गाठीबरोबर माझ्या गळ्यात पडलं.

आमचा रस्ता सांगते. शिरोलीच्या सांगली फाट्याला वळायचं, मग हेर्ले, चोकाक, अतिग्रे, हातकणंगले. ज्यांच्याकडे पेट्रोल आहे त्यांना हा रस्ता कधी दिसलाच नसेल. मला त्याचा प्रत्येक चढ पोटात जाणवायचा. साधा पूल आला तरी छाती भरून यायची. मागून ट्रक यायचा, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून झोपलाय असं वाटायचं. मोटरसायकलवाले ओलांडून जाताना मान वळवून सांगायचे, "वैनी, उतरून चाला की, लवकर पोचशीला!" वर्षाराणी डोक्याला स्कार्फ घट्ट बांधून पुढे बघायची आणि एक्सलेटर पूर्ण पिळायची. मी पंचवीसच्या पुढे जात नाही हे तिला ठाऊक होतं, तरी पिळायची. माणसांना पिळल्याशिवाय समाधान नाही.

जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास अंतर. माझा दम खरं तर चाळिसाचा. म्हणजे कायम थोडीशीच कमी पडायचे. फार कमी पडणाऱ्याचा लोक नाद सोडतात. थोडं कमी पडणाऱ्याला मात्र रोज ताणतात.

यावर उपाय सोपा दिसत होता, शाळेत चार्जिंगला लावायचं. मुख्याध्यापकांनी खोलीतला सॉकेट दिलाही. पण तो काळ भारनियमनाचा. शाळा भरली की वीज जायची, आणि शाळा सुटायला आली की आपण इथलेच असल्यासारखी हळूच यायची. मी दिवसभर वायर लावून बसायचे, रिकाम्या बाटलीच्या तोंडाला लागलेल्या बाळासारखी. मला कीव करून घ्यायची नाही. पण लांबच्या कामाला बॅटरीची गाडी घेणाऱ्याने आधी गाडी न बघता रस्त्यावरच्या गावांचं भारनियमनाचं वेळापत्रक बघावं, एवढं मी अनुभवाने सांगेन.

मग चोकाकच्या आक्काताई भेटल्या. एकदा त्यांच्या पिठाच्या गिरणीसमोरच मी मान टाकली. त्यांच्या बाजूला आमच्या परतीच्या वेळेला हमखास वीज असायची. आक्काताईंनी गिरणी थांबवली, पिठाने पांढरे झालेले हात पुसले आणि बुद्धाच्या तसबिरीखालचा सॉकेट दाखवला.

"लावा तिला हितं. आन् टीचर, च्या घेतल्याबिगर वायर काढू देणार न्हाय मी."

"आक्काताई, उशीर हुतोय. घरी दिवा लागायच्या आत पोचाय पायजे."

"सासरं काय वाघ हाईत काय तुमचं?"

"वाघ न्हाईत, घड्याळ हाईत," वर्षाराणी म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी हसली.

तेव्हापासून शाळा सुटली की तिथे थांबायचं, चहाच्या कपाएवढी वीज मी प्यायची, कपभर चहा तिने, आणि पुढचा रस्ता सूर्याशी शर्यत. हिवाळ्यात तो लबाड लवकर पळायचा. कोल्हापूरच्या तोंडाशी असलेलं तावडे हॉटेल यायच्या आधी आभाळ तांबडं झालं की वर्षाराणी माझ्या मानेवर थोपटायची. "चल बाई, एवढा पूल काढ." मी काढायचे. कशी काढायचे ते माझं मला माहीत.

आता एक गोष्ट सांगते, जी तिला कधी कळली नाही. कशी कळणार? ती आली की घाईघाईने स्कार्फ सोडायची, डबा काढायची, आत धावायची. मी बोळात उभी राहायचे आणि ऐकायचे. माझं स्टँड फरशीवर पडलं की आत काडी ओढल्याचा आवाज यायचा. रोज. आम्ही उजेडात आलो तरी, अंधारून आल्यावर आलो तरी, आधी स्टँड, मग काडी. एकदा तर सगळ्या गल्लीत दिवे लागले होते, आणि आतून सासूबाईंचा, मल्लव्वांचा आवाज आला, "अहो, लावू का आता?" आणि आप्पांचा, "वात सरळ कर आधी. घाई कशाची हाय?" वात काही इतकी वाकडी नसते हो कुणाची.

पण अट मागे घेतली, असं ते तोंडाने म्हणाले नाहीत. तसं म्हणायची त्या घरात रीत नव्हती.

मला मात्र त्यांचा हात ओळखीचा झाला होता. पहाटे वीज आली की गुडघे धरत बोळात येऊन तेच मला वायर लावत. फडक्याने पुसत. पुसताना मॅटाडोरच्या गोष्टी सांगत, मला की स्वतःला, कोण जाणे. "बॅटरी म्हंजे तान्हं पोर असतंय बघ. येळंला पानी पाजलं की जल्मभर साथ देतंय." त्यांच्या मॅटाडोरची बॅटरी म्हणे शेजाऱ्यांच्या दोन बॅटऱ्या मेल्या तरी जिवंत होती, कारण दर खंडेनवमीला ते स्वतः तिची बुचं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालत. मला बरं वाटायचं ते ऐकायला. भीती वाटायला हवी होती.

दुसऱ्या वर्षाची खंडेनवमी आली. माझा दम तोवर आणखी घटला होता. आक्काताईंकडे एका कपावर भागेना, दोन व्हायला लागले. घरात सगळ्यांना दिसत होतं. त्या दिवशी मल्लव्वा आणि वर्षाराणी चुलीपुढे होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, लाटत होत्या, मृत्युंजय फाउंड्रीतल्या पूजेला गेला होता. आप्पा स्टूल घेऊन बोळात आले. सोबत स्क्रू ड्रायव्हर, डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि विभूतीची वडी.

त्यांनी माझी सीट उघडली, चारही बॅटऱ्या बाहेर काढल्या. घाम पुसला. बुचं शोधायला लागले. बुचं नव्हतीच. माझ्या बॅटऱ्या बंद जातीच्या, त्यांना पाणी लागत नाही, पाणी त्यांना चालतच नाही. हे कंपनीच्या पुस्तकात बारीक अक्षरात, इंग्रजीत होतं. आप्पांना वाटलं, शहाण्यांनी बुचं झाकून ठेवलीत, म्हणजे गिऱ्हाइकाने परत दुकानात यावं. त्यांनी वरचं झाकण उचकटलं. खाली रबराच्या टोप्या दिसल्या. "ह्ये बघ, हाईत की!" म्हणाले, आणि इतके खूश झाले की मला त्यांचा राग करता येईना.

बॅटरीमागून बॅटरी त्यांनी गळ्यापर्यंत भरली. मग ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवून चौघींवर आडवी ओढली, जशी ते सकाळी स्वतःच्या कपाळावर ओढत. हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, "लांब जाती रोज पोरगी. दम टिकव गं."

नंतर दोघी खाली, दोघी वर, सगळं होतं तसं बसवून वर सीट लावली. वर्षाराणीने येऊन हँडलला झेंडूची माळ घातली. आत काय झालंय ते तिला माहीत नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्याकडे तो हॉर्न. आणि तोही कुणी दाबला तर.

दसरा होऊन शाळा सुरू झाली त्या दिवशी जाताना कशीबशी गेले. वाटेत पोटात जळजळत होतं. संध्याकाळी आक्काताईंकडे वायर लावली तसं आतलं तेजाब उकळून वर आलं, झाकणातून उतू गेलं आणि तारा खात खाली उतरलं. हेर्ल्याच्या पुढे येऊन मी बंद पडले. वर्षाराणीने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. मोबाईल काढला तर त्याचंही चार्जिंग संपलेलं. शाळेत वीज नव्हती तर तो तरी कुठून भरणार?

ती मला ढकलत निघाली. सूर्य गेला. एका मोटरसायकलवाल्याने पाय लावून थोडं पुढे आणलं, आणि फाट्यावरून एका टेम्पोत घालून आम्ही घरी आलो, तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. पेठेत वीज नव्हती. बोळाच्या तोंडाशी आप्पा काठी धरून उभे होते. किती वेळ उभे होते देव जाणे. ते बाहेर होते म्हणून त्या दिवशी मल्लव्वांना 'थांब' म्हणणारं आत कुणी नव्हतं. देव्हाऱ्यातला दिवा दारातून स्पष्ट दिसत होता.

"आलीस?" आप्पा म्हणाले.

"दिवा लागलाय, आप्पा. दिसतोय मला." ती म्हणाली. "राजीनामा लिवते उद्या."

"लागला तर लागू दे," आप्पा पुटपुटले. मी ऐकलं. टेम्पोचं इंजिन चालू होतं, तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ती आत निघून गेली होती.

सकाळी दुकानाचा मेकॅनिक आला. त्याने सीट उघडली, वरच्या दोन बॅटऱ्या बाहेर काढल्या आणि जीभ चावली. "कुनीतरी झाकणं उचकटून पानी वतलंय ह्यात. ह्ये पांढरं बघा, क्षार चढलाय." आणि त्याने विभूती फडक्याने पुसून टाकली. "कंपनी बदलून देनार न्हाय आता. चारी मेल्यात." वरच्या दोघी त्याने परत आत टाकल्या, खालच्या दोघींपर्यंत त्याचा हात गेलाच नाही. मेलेल्याचं तोंड कोण बघतं?

मृत्युंजय बापाकडे वळला. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबडे. "आप्पा, ह्यात हात कुणी घातला?"

"म्या घातला."

"दिवा हुकावा म्हणून?"

त्याने 'कशाला' असं विचारलं असतं तर सगळं मिटलं असतं. आप्पांनी मुलाकडे बघितलं. मग सुनेकडे. तिने मान खाली घातली, आणि त्यात सगळं आलं.

"तुला तसं वाटतंय न्हवं? मग तसंच," आप्पा म्हणाले, आणि काठी टेकत आत गेले.

वर्षाराणीने राजीनामा लिहिला नाही, मृत्युंजयने लिहू दिला नाही. महिना उलटायच्या आत दोघांनी जयसिंगपूरला खोली घेतली. तिला तिथून शाळा जवळ पडली, आणि फाउंड्रीला तो मोटरसायकलवरून जाऊ-येऊ लागला. जाताना ती मल्लव्वांच्या गळ्यात पडून रडली. आप्पांच्या पाया पडली, पण वर बघितलं नाही. मला कुणी नेलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतर त्या घरात दिवा वेळेवर लागू लागला. काडीचा आवाज रोज ठरल्या वेळी येतो. वात सरळ करायला कुणी सांगत नाही. आप्पा पूजेला बसतात, पूजा झाली की येऊन माझ्यावरची चादर नीट करतात आणि जातात. एकदाही बोलले नाहीत माझ्याशी. मॅटाडोरच्या गोष्टीसुद्धा संपल्या.

दोन वर्षं अशी गेली. ती तिकडे कायम झाली, पेढे आले. सणाला येऊन जायची, सकाळी येऊन चारच्या गाडीला परत. आप्पांशी बोलणं चहा घेता का, घेतो, एवढंच. मी पण आता थकले होते. टायर बसले, आरशावर कोळ्याने संसार थाटला.

गेल्या आठवड्यात बोळातून भंगारवाला ओरडत गेला. वर्षाराणी आलेली होती. मल्लव्वा म्हणाल्या, "देऊन टाक गं ती, जागा तरी मोकळी हुईल." आप्पा कट्ट्यावर बसल्या जागेवरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे." पण भंगारवाला शिरला होता. त्याने चादर ओढली, मांजर उडालं. "बॅटरीचंच वजन हाय, पावणं, बाकी नुस्तं प्लास्टिक," म्हणत त्याने सीट उचकटली, वरच्या दोघी बाजूला टाकल्या, आणि खालची एक काढून फरशीवर ठेवली.

वर्षाराणी आपला जुना रेनकोट डिकीतून निघतो का बघायला वाकली होती. ती तशीच राहिली.

खालच्या बॅटरीवर तीन बोटं होती. आडवी, पांढरी, कोपऱ्यात जरा तेजाबाने खाल्लेली, पण तीन बोटं. कोणत्याही लिंगायत घरच्या माणसाला ती क्षार वाटणार नाहीत. तिने हात लावला, बोटाला लागलेलं बघितलं.

"आप्पा," ती म्हणाली, "ही इभूत कुणी लावली?"

"लावायची कुणी? घरात दुसरं कोन हाय लावणारं?"

"आन् पानी?"

"खंडेनवमीला पाजतो की बॅटरीला. मॅटाडोरला न्हाय का पाजत हुतो?"

"मग त्या दिवशी बोलला का न्हाईसा?"

आप्पांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "इचारलं कुणी?" ते म्हणाले. "लांब जात हुतीस रोज. मला काय गाडी चालवाय येत न्हवती आता. पानी तेवढं घालाय येत हुतं."

वर्षाराणी तिथेच फरशीवर बसली, साडीला तेजाब लागेल याचा विचार न करता. तिने पदर तोंडाला लावला. आप्पा उठायला बघत होते, गुडघा साथ देईना, मग तीच उठून त्यांच्या पायाशी बसली. भंगारवाल्याला काही कळेना. तो म्हणाला, "बाई, द्यायची न्हवती तर आधी सांगायचं." मी हसले. म्हणजे हसले असते.

चारची गाडी गेली. ती उठली नाही. तिन्हीसांज झाली, आतून मल्लव्वांनी विचारलं, "लावू का दिवा?"

"थांब," आप्पा म्हणाले. "आत येऊ दे तिला."

ती आत गेली, आणि मग काडी ओढल्याचा आवाज आला.

तर ही माझी हकिकत. किती जाते, हे अजून कुणी विचारतंच. लांबच्या नोकरीला बॅटरीची गाडी चालते का? माझ्यापुरतं खरं सांगायचं तर नाही चालली. साठ म्हणाले आणि चाळीस गेले, आणि रोजचे पन्नास गाठले ते आक्काताईंचा सॉकेट, त्या पोरीची जिद्द आणि वाकड्या नसलेल्या वातीवर. उद्या माझ्याहून ताकदीच्या येतील, गावोगाव वीज असेल, त्या जातील लांब. जाऊ देत. मला हेवा नाही, मला फक्त आता झोपायचंय.

भंगारवाला सोमवारी पुन्हा येणार आहे. या वेळी आप्पा 'राहू दे' म्हणणार नाहीत, आणि मीही नाही. चाकं घ्या, मोटर घ्या, तो बिनकामाचा हॉर्न पोरांना खेळायला द्या. खालची ती एक बॅटरी तेवढी घरात कुठंतरी ठेवा, आणि ती तीन बोटं पुसू नका. ती मला लावलेली नव्हतीच.